डॉटर्स ऑफ द डस्ट (१९९१): जाणारे बरोबर की राहणारे?

शिरीषफूल
ज्युली डॅशचा डॉटर्स ऑफ द डस्ट इथं कोणी बघितलाय का? जुने धागे चाळले, कुठंच उल्लेख नाही, म्हणून काढतेय. घर सोडून जाणं या एका गोष्टीचा इतक्या बाजूंनी विचार केलेला सिनेमा मी तरी दुसरा बघितलेला नाही आणि मराठीत यावर काहीच लिहिलेलं सापडत नाही याचं फार वाईट वाटतं.

थोडक्यात सांगते. साल १९०२. अमेरिकेत जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याला लागून बेटांची रांग आहे, सी आयलंड्स म्हणतात. तिथं राहणारे गला किंवा गीची लोक म्हणजे भातशेती, नीळ आणि कापसासाठी पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचे वंशज. त्यातलं पेझंट नावाचं मोठं कुटुंब दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत बसून कायमचं उत्तरेला निघणार आहे आणि त्याआधी सगळे किनाऱ्यावर शेवटचं एकत्र जेवायला जमलेत. बाहेरची गोष्ट एवढीच. पण नाना पेझंट (नाना म्हणजे इथं म्हातारी आजी, सगळ्या घराची मोठी) म्हणते मी येणार नाही. ती गुलामगिरीत जन्मलेली. तिच्या आईला विकून दूर पाठवलं तेव्हा आईनं जाताना स्वतःच्या केसांची एक बट कापून मागं ठेवली, ती बट नानानं आयुष्यभर एका डब्यात जपून ठेवलीय. ज्या मातीत पूर्वज पुरलेत ती सोडून कुठं जायचं हा तिचा प्रश्न.

आणि समोर हेगार. लग्न होऊन या घरात आलेली, दोन मुलींची आई, तिला या बेटाचं काही म्हणजे काही नको. जडीबुटी नको, ताईत नको, पूर्वज नकोत, मुलींनी शिकावं आणि नव्या जगात जावं एवढंच तिला हवंय. बहुतेक परीक्षणांत तिला जवळपास खलनायिका करून टाकलंय आणि ते मला अजिबात पटत नाही, म्हणून तुमचं मत हवंय.

चित्रवेडा_सातारा
शिरीषताई, मी लावला होता पण अर्ध्या तासात बंद केला. कोण कुणाची कोण तेच लागेना, सगळ्या बायका पांढरे लांब झगे घालून वाळूत बसलेल्या, मधेच स्लो मोशन, मधेच एक लहान मुलगी पळत जाते ती कोण तेही सांगत नाहीत. भाषा पण धड इंग्लिश नाही. दिसायला सुंदर आहे हे मान्य, पण गोष्ट पुढं सरकायला नको का?

शिरीषफूल
ती पळणारी मुलगी अजून जन्मलेलीच नाहीये! घरातल्या यूला नावाच्या गरोदर बाईच्या पोटातली मुलगी आहे ती, आणि निम्मी गोष्ट तीच सांगतेय, पुढच्या काळातून मागं वळून बघत, आणि उरलेली निम्मी नाना सांगते. म्हणजे सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात धाकटी, अशा दोघी मिळून सांगतात. हे कळलं की बरंच सुटतं.

आणि गोष्ट सरकत नाही म्हणण्यापेक्षा ती वेगळ्या पद्धतीनं सांगितलीय. डॅशनं मुलाखतींमध्ये सांगितलंय की पश्चिम आफ्रिकेतला ग्रिओ, म्हणजे घराण्यांचा इतिहास तोंडी जपणारा आणि गाऊन सांगणारा, तो जसा एका माणसाचं थोडं सांगेल, मग दुसऱ्याकडे जाईल, मग परत येईल, तसं तिला हवं होतं. आपल्याकडं गोंधळी किंवा वासुदेव ऐकत वाढलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये असं मला वाटतं.

भाषेचं म्हणाल तर ती गला भाषाच आहे, इंग्रजी आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून तयार झालेली, आणि सबटायटल न देण्याचा निर्णय मुद्दाम घेतलेला. नटनट्यांना शिकवायला रोनाल्ड डेझ होते, ते स्वतः सेंट हेलेना बेटावरचे (नंतर मुलांच्या टीव्हीवर गला गला आयलंड म्हणून मालिका आली ती त्यांची आणि त्यांच्या बायकोची). पहिली वीस मिनिटं कान अडखळतो, मग लागतो. परत बघा, आणि या वेळी प्रत्येक वाक्य पकडायच्या मागं लागू नका.

फ्रेमबायफ्रेम
मस्त धागा. थोडी माहिती माझ्याकडून.

अमेरिकेत सर्वसाधारण थिएटर रिलीज मिळालेला, आफ्रिकन अमेरिकन बाईनं दिग्दर्शित केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. १९९१ च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात आर्थर जाफाला छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला आणि तरी वितरक मिळता मिळेना. शेवटी किनो इंटरनॅशनल नावाच्या छोट्या कंपनीनं घेतला, जानेवारी १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या फिल्म फोरमला लागला आणि मग एकीनं दुसरीला सांगत ब्लॅक बायकांनी तो सिनेमा उचलून धरला, खेळ हाउसफुल्ल जायला लागले. मोठ्या स्टुडिओंचं म्हणणं होतं की याला प्रेक्षकच नाही.

डॅशच्या डोक्यात ही कल्पना १९७५ पासून होती. सुरुवातीला एक छोटा, संवाद नसलेला सिनेमा करायचा होता, जेम्स व्हॅन डर झी यांनी काढलेले जुने फोटो बघून सुचलेला. ती वाढली न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये पण वडलांकडचे लोक गला भागातले, त्यामुळं घरात ते बोलणं, ते खाणं होतंच. पुढं ती लॉस एंजेलिसला यूसीएलएमध्ये शिकली, तिथं ७० च्या दशकात ब्लॅक विद्यार्थ्यांची जी पिढी होती, चार्ल्स बर्नेट, हाइले गेरिमा वगैरे, त्यांना पुढं एलए रिबेलियन म्हणायला लागले. या सिनेमातल्या तिन्ही मोठ्या भूमिका त्याच गटाच्या सिनेमांतून आलेल्या बायकांच्या आहेत. नाना झालेली कोरा ली डे आणि यलो मेरी (बऱ्याच वर्षांनी घरी परत आलेली) झालेली बार्बरा ओ गेरिमाच्या बुश मामामध्ये होत्या, हेगार झालेली केसी मूर बर्नेटच्या किलर ऑफ शीपमध्ये. म्हणजे डॅशनं हॉलिवूडकडं नावं मागितलीच नाहीत, आपल्याच माणसांना बोलावलं.

पैसा पब्लिक टीव्हीच्या अमेरिकन प्लेहाउसकडून आला, एकूण बजेट साधारण ८ लाख डॉलर. एवढ्यात त्या काळचे कपडे, बेटावर सगळं युनिट नेणं, सगळंच. कलादिग्दर्शन केरी जेम्स मार्शलचं, जो आज जगातल्या मोठ्या चित्रकारांत गणला जातो. फिल्म कोडॅकची न वापरता ॲग्फाची वापरली कारण काळी त्वचा त्यावर जास्त चांगली दिसते असं त्यांचं मत होतं आणि ते पडद्यावर दिसतंच, प्रत्येक चेहऱ्याचा रंग वेगळा ओळखू येतो, कुणीही नुसतं अंधारात गेलेलं नाही.

२००४ ला नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या अमेरिकन सरकारी यादीत, आला. २०१६ ला गायिका बियॉन्सेचं लेमोनेड (गाण्यांचा व्हिडिओ अल्बम) आलं, त्यात झाडांखाली पांढऱ्या कपड्यांतल्या बायका आहेत ते सरळ इथून आलेलं, आणि त्याच वर्षी सिनेमाची नवीन रिस्टोअर केलेली कॉपी पण आली. साइट अँड साउंड या सिनेमाच्या मासिकाच्या २०२२ च्या सर्वोत्तम सिनेमांच्या यादीत तो ६० व्या जागी आहे, ला डोल्चे व्हिटाच्या बरोबरीनं. बघायचा तर ती रिस्टोअर केलेली कॉपीच शोधा, जुन्या डीव्हीडीत रंग मेलेले आहेत.

मेघना_नाशिक
मला एक विचारायचं होतं. नानाचे हात निळे दाखवलेत, नीळ बनवायच्या कामामुळं. पण गुलामगिरी संपून तोपर्यंत सदतीस वर्षं झालेली. इतकी वर्षं रंग टिकतो का? मला ते खटकलं.

फ्रेमबायफ्रेम
नाही टिकत, आणि डॅशला ते माहीत होतं. तिच्या इतिहासाच्या सल्लागारानं पण सांगितलेलं. पण गुलामगिरी म्हटली की प्रत्येक सिनेमात पाठीवरचे चाबकाचे वळ आणि साखळदंड, ते इतक्यांदा बघून झालंय की डोळ्यांवर त्याचा परिणाम होईनासा झालाय. तिला दुसरी खूण हवी होती, म्हणून निळे हात. अख्ख्या सिनेमात एकही चाबूक नाही बघ. मारणारे कोणी पडद्यावर येतच नाहीत. त्यांनी केलेलं मात्र प्रत्येकीच्या अंगावर आहे.

नीळ हा धंदा तिकडं १७४० च्या दशकात साउथ कॅरोलिनात जम धरायला लागला, आणि अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्रजांनी तोच धंदा बंगालमध्ये वाढवला. त्यामुळं सिनेमातलं निळीचं ते पिंप आणि ते हात बघताना आपलं पण काहीतरी आहे त्यात.

आबा_लातूर
शिरीषफूल, तुम्ही हेगारचं विचारलंत म्हणून लिहितो. मी पूर्णपणे तिच्या बाजूनं आहे.

गाव, माती, पूर्वज याचं कौतुक कोण करतो हे आधी बघावं लागतं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्यांबद्दल काय सांगितलं ते सगळ्यांना माहीत आहे, की खेडं म्हणजे अज्ञानाचा आणि कोतेपणाचा अड्डा, त्याचा अभिमान कसला. आमच्या आधीच्या पिढीनं गाव सोडलं म्हणून आम्ही शिकलो. ज्यांच्या वाट्याला गावकुसाबाहेरची जागा आली त्यांना कोणी मातीचं सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. हेगार म्हणते मला या जुन्या गोष्टींचा कंटाळा आलाय, माझ्या मुली यात अडकायला नकोत, तर त्यात चूक काय? १९०२ सालच्या साउथमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, ब्लॅक माणसाला मत देता येत नव्हतं, झाडाला टांगत होते. तिथून पळून जाणं हा शहाणपणा आहे. पुढं १९१० ते १९७० मध्ये साठ लाख लोक साउथ सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कला गेले ते काय वारसा विसरले म्हणून गेले का?

सिनेमा शेवटी नानाकडं झुकतो असं मला वाटलं, आणि तिथं मी डॅशबरोबर नाही.

शिरीषफूल
आबा, तुमची पोस्ट वाचून खूप विचार केला. तुमच्या म्हणण्यातला पाया मला पूर्ण मान्य आहे. पण या बेटांची गोष्ट एका बाबतीत फार वेगळी आहे आणि ती सिनेमात कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून इथं मांडते.

ही बेटं म्हणजे दलदल, डास, मलेरिया. गोरे मळेवाले उन्हाळ्यात तिथं थांबतच नसत, त्यामुळं गुलामगिरीच्या काळातसुद्धा बेटांवर बहुसंख्य ब्लॅकच होते आणि म्हणूनच तर भाषा, टोपल्या विणायची पद्धत, प्रार्थना हे सगळं टिकलं. मग अमेरिकेतल्या यादवी युद्धात नोव्हेंबर १८६१ ला उत्तरेच्या आरमारानं पोर्ट रॉयल घेतलं आणि मळेवाले रातोरात पळाले. साधारण दहा हजार गुलाम मागं राहिले, मालक नाहीत, अजून कायद्यानं मुक्तीही नाही. १८६२ ला सेंट हेलेना बेटावर त्यांच्यासाठी पेन स्कूल निघालं. कर थकला म्हणून मळे सरकारनं लिलावात काढले आणि त्यातले तुकडे याच लोकांनी पैसे साठवून विकत घेतले. नंतर १८६५ मध्ये बाकी किनाऱ्यावर चाळीस एकर जमीन द्यायचा जो हुकूम निघाला तो राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं त्याच वर्षी फिरवला आणि जमिनी परत मळेवाल्यांना गेल्या, पण सेंट हेलेनासारख्या ठिकाणी या विकत घेतलेल्या जमिनी राहिल्या.

म्हणजे बघा, आपल्याकडं गावकुसाच्या आत सवर्ण आणि बाहेर दलित असं जे आहे, ते इथं उलटं होतं. जाच करणारे मुख्य भूमीवर, पाण्याच्या पलीकडं. बेट हीच त्यातल्या त्यात स्वतःची जागा. नाना जे सोडायचं नाही म्हणते ते दुसऱ्यानं वाटून दिलेलं गाव नाही, तिच्या पिढीनं मिळवलेली जागा आहे. म्हणून मला तिचं म्हणणं जुनाट वाटत नाही.

आबा_लातूर
जमिनीचं हे मला माहीत नव्हतं, आणि त्यानं फरक पडतो हे खरं. पण पाण्यापलीकडचे जाच करणारे बेटावर येतच होते की. यूलाचं काय झालं? तिच्यावर बलात्कार करणारा गोरा माणूस बेटाच्या बाहेरचाच. त्यामुळं ही जागा त्यांची होती म्हणजे त्या तिथं सुरक्षित होत्या असं नाही.

सावनी_
आबांनी यूलाचा विषय काढला ते बरं झालं, मला सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच बोलायचंय.

यूला त्या माणसाचं नाव नवऱ्याला सांगत नाही. ईलाय रोज त्यावरून तिला छळतो, पोटातलं मूल माझं आहे का त्याचं यानं तो वेडा झालाय, आणि बघणाऱ्याला पण आधी वाटतं की सांगून का टाकत नाही. तर ती सांगत नाही कारण नाव कळलं तर ईलाय त्याच्या अंगावर जाईल आणि दुसऱ्या दिवशी ईलाय झाडाला लटकलेला असेल. म्हणजे तिच्यावर अत्याचार झाला, वरून नवऱ्याचा संशय, आणि वरून त्याचा जीव वाचवायची जबाबदारी पण तिचीच. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, तेव्हापासून आपल्याकडं या दोन समाजांची दुःखं जोडून बोललं जातं, पण त्यातलं बायकांचं दुःख फार थोड्यांनी जोडलंय. गावात मोठ्या जातीच्या माणसानं हात टाकला तर बाई घरी का सांगत नाही याचं कारण अगदी हेच असतं.

आणि मग यलो मेरी. ती बऱ्याच वर्षांनी परत आलीय, भारी कपडे, बरोबर एक मैत्रीण ट्रुला, दोघींचं नातं नुसत्या मैत्रीचं नाही हे बघताना कळतं. घरातल्या बायका तिला तोंडावर बाटलेली म्हणतात. तिचं मूल जन्मतःच मेलं आणि त्यानंतर ती क्यूबामध्ये एका श्रीमंत घरी त्यांच्या पोरांना दूध पाजायला होती, तिथं तिच्यावर काय काय झालं ते ती दोन वाक्यांत सांगून टाकते. तिला नावं ठेवण्यात हेगार सगळ्यात पुढं. आबा, माझा हेगारवर राग आहे तो इथं आहे, बेट सोडण्यावर नाही.

शेवटी यूला सगळ्यांसमोर उभी राहून जे बोलते, की तुम्ही हिला बाटलेली म्हणता तर मग आपल्यातली कोण शिल्लक राहिली, आपल्या आया, आपल्या आज्या, कोणाला सोडलंय त्यांनी, तेव्हा किनाऱ्यावरच्या एकेकीचा चेहरा कॅमेरा दाखवतो. रडू आवरत नाही. अख्ख्या सिनेमात एवढं एकच मोठं भाषण आहे आणि ते सगळ्यात गप्प बसलेल्या बाईच्या तोंडी दिलंय.

गोमूकाकी
मी परवा बघितला तुमचा धागा वाचून. बाकी मोठं मोठं तुम्ही बोलताच आहात, मला त्यांचा स्वयंपाक फार आवडला. बायका गोल करून बसलेल्या, कोळंबी सोलतायत, खेकडे, भेंडी, मक्याची कणसं, मोठ्या भांड्यात गंबो (दाट रस्सा) शिजतोय आणि हात चालू असताना तोंडानं घरातल्या सगळ्यांची उणीदुणी. भेंडी मूळ आफ्रिकेतलीच म्हणतात, तिकडून अमेरिकेला गेली आणि इकडं आपल्याकडं पण आली. कोणीही जेवण उरकून घ्या अशी घाई करत नाही, कॅमेरा पण नाही. आमच्याकडं एवढा वेळ कॅमेरा फक्त मारामारीला देतात.

अटलांटाकर
नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं जॉर्जियात राहतोय, हा सिनेमा इथं आल्यावर बघितला आणि मग सेंट हेलेनाला जाऊन आलो. शूटिंग त्याच बेटावर आणि शेजारच्या हंटिंग आयलंडवर झालंय. ओक झाडांवरून लोंबणारं ते करडं शेवाळ, खाडीचा चिखल, गवत, सिनेमात दिसतं तसंच आहे सगळं. पेन स्कूलचं आता पेन सेंटर झालंय, साठच्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग आपल्या लोकांना घेऊन तिथं बैठकांना यायचे.

सिनेमात ज्या जागेला इबो लँडिंग म्हणतात तिच्यामागं खरी घटना आहे. १८०३ साली सव्हानाला विकत घेतलेल्या इग्बो (म्हणजेच इबो, पश्चिम आफ्रिकेतली जमात) कैद्यांना होडीनं सेंट सायमन्स बेटाकडं नेत होते. त्यांनी होडी ताब्यात घेतली, नेणारे बुडाले, आणि किनाऱ्याला लागल्यावर ते गुलाम व्हायला नकार देऊन डनबार खाडीच्या पाण्यात शिरले. काही बुडाले, काही पकडले गेले. पण लोकांच्या तोंडी जी गोष्ट राहिली ती अशी की ते पाण्यावरून चालत आफ्रिकेला परत गेले. काही ठिकाणी उडत गेले असंही सांगतात. आणि गंमत म्हणजे बऱ्याच बेटांवर लोक आमचंच इबो लँडिंग खरं म्हणून दाखवतात.

सिनेमात दोन्ही आहे हे माझ्या फार लक्षात राहिलंय. बिलाल नावाचा म्हातारा मुसलमान फोटोग्राफर स्नीडला सांगतो की मी तिथं होतो, ते बुडाले, पाण्यावर कोणी चालत नाही. आणि यूला ईलायला चालत गेल्याची गोष्ट सांगते, आणि ती सांगत असताना ईलाय खरंच पाण्यावरून चालत जातो. डॅश कोणतं खरं ते ठरवत नाही. (बिलालसारखा माणूस पण खरा होता, सपेलो बेटावरचा बिलाली मुहम्मद, त्यानं अरबीत लिहिलेली वही आजही जपून ठेवलेली आहे.)

आता आबांच्या मुद्द्याबद्दल. १९०२ च्या जरा आधी, ऑगस्ट १८९३ ला या बेटांवर वादळ आलं त्यात हजाराहून जास्त माणसं गेली, शेतं खारट पाण्याखाली. त्यामुळं लोकांनी जायचं ठरवलं यामागं नुसती नव्या जगाची ओढ नव्हती, पोटाचा प्रश्नही होता. हेगारकडं कारणं भरपूर होती.

पण जे राहिले त्यांचं पुढं काय झालं तेही बघायला पाहिजे. १९५६ ला हिल्टन हेडला पूल झाला आणि आज तिथं गोल्फ आणि रिसॉर्ट. जमिनी गेल्या त्यातल्या बऱ्याच एका कायद्याच्या वाटेनं गेल्या. आजोबांनी मृत्युपत्र केलं नाही, जमीन सगळ्या वारसांच्या सामाईक नावावर, पन्नास-पन्नास वारस, निम्मे न्यूयॉर्क-फिलाडेल्फियात, कधी बेटावर न आलेले. बिल्डर त्यातल्या एकाचा हिस्सा घेतो, कोर्टात वाटप मागतो, जमिनीचे तुकडे पडत नाहीत म्हणून कोर्ट सगळीच लिलावात काढतं. म्हणजे पेझंटांसारखे उत्तरेला गेले त्यांच्याच नातवंडांच्या सहीनं मागं राहिलेल्यांची घरं गेली. हे कळल्यावर मला तो निरोपाचा दिवस पुन्हा बघताना फार जड गेलं.

सेंट हेलेनानं मात्र १९९९ पासून गोल्फ कोर्स आणि गेटबंद वसाहतींना बंदी घालून ठेवलीय. सपेलोला अजूनही पूल नाही, बोटीनंच जावं लागतं, पण तिथंही २०२३ ला काउंटीनं मोठी घरं बांधायला परवानगी दिली आणि रहिवासी कोर्टात गेले.

पाटलांचा_मधू
वाचताना सारखं आमचं कोकण आठवतंय. चाकरमानी मुंबईला गेले, घरं बंद, सामाईक सातबारा, एका हिश्शावरून सगळी वाडी बिल्डरच्या घशात. डिट्टो.

शिरीषफूल
मधू, जमिनीच्या कायद्यापुरतं अगदी बरोबर. पण पुढं तुलना ओढवत नाही असं मला वाटतं. चाकरमान्याला आपलं गाव, कुलदैवत, मूळ घर माहीत असतं, गणपतीला तो परत जातो. नानाला तिच्या आईला कुठं विकलं तेही माहीत नाही, तर आफ्रिकेतलं गाव कुठून कळणार. मागं जायची वाटच पुसलेली आहे. म्हणून तर एक केसांची बट तिच्यासाठी एवढी मोठी. शेवटी ती काय करते बघा, आईची ती बट, स्वतःच्या केसांची बट आणि व्हायोलाचं बायबल असं एकत्र बांधून त्याचा ताईत करते आणि जाणाऱ्या प्रत्येकाला ओठ टेकवायला सांगते. व्हायोला म्हणजे फिलाडेल्फियाहून आलेली कट्टर ख्रिश्चन नात, जी आल्यापासून नानाच्या जुन्या श्रद्धांना पाप म्हणतेय, ती सुद्धा शेवटी गुडघे टेकते. नाना तिला तुझा देव टाक म्हणत नाही, त्याला पण बांधून घेते. हेगार तेवढी ओठ टेकवत नाही.

आणि आबा, मला वाटतं डॅश हेगारला तिथं शिक्षा करत नाही. ती जाते, तिला हवं तिथं जाते. फक्त तिची मुलगी आयोना ऐन वेळी होडीतून उडी मारून तिच्यावर प्रेम करणाऱ्या चेरोकी (अमेरिकेतली मूळ रहिवासी जमात) मुलाबरोबर घोड्यावर बसून निघून जाते आणि हेगार तिच्या नावानं ओरडत राहते. सतत मुलींच्या भल्यासाठी जातेय म्हणणाऱ्या आईला मुलीनं काय हवंय ते विचारलंच नव्हतं. माझ्या मते सिनेमाचं हेगारशी भांडण आहे ते एवढ्यापुरतंच.

आबा_लातूर
आयोनाचं पटलं. ओठ न टेकवण्याबद्दल मात्र मी अजून हेगारबरोबरच आहे. खोटं खोटं नमस्कार करण्यापेक्षा सगळ्यांसमोर नाही म्हणणं मला जास्त प्रामाणिक वाटतं, आणि एवढ्या माणसांत एकटीनं ते करायला हिंमत लागते.

अटलांटाकर
बटेवरून एक खरी गोष्ट सांगतो, मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लोरेंझो टर्नर नावाचे ब्लॅक भाषातज्ज्ञ या बेटांवर रेकॉर्डिंग करत फिरत होते, गला म्हणजे मोडकंतोडकं इंग्रजी असं सगळे म्हणत असताना त्यात आफ्रिकी भाषांचे हजारो शब्द आहेत हे त्यांनी दाखवलं, १९४९ ला पुस्तक आलं. जॉर्जियाच्या हॅरिस नेकमध्ये अमेलिया डॉली नावाच्या बाईनं त्यांना एक गाणं गाऊन दाखवलं. आईकडून आलेलं, अर्थ तिला माहीत नाही. सिएरा लिओनच्या एका विद्यार्थ्यानं ओळखलं की ही मेंडे भाषा आहे. पुढं १९९० च्या सुमाराला संशोधक ते गाणं घेऊन सिएरा लिओनमध्ये गावोगाव फिरले आणि सेनेहुन न्गोला नावाच्या आडगावात बेंडू जबाती ही बाई सापडली, जिला जवळपास तेच गाणं येत होतं. अंत्यसंस्काराचं गाणं. तिच्या आजीनं तिला ते जपायला सांगितलेलं, की यावरून आपली हरवलेली माणसं ओळखू येतील. १९९७ ला अमेलियाची मुलगी मेरी मोरन त्या गावात गेली, दोघी भेटल्या. १९९८ ला त्यावर माहितीपटही आला.

आणि हॅरिस नेक? ते गाव १९४२ ला सरकारनं युद्धासाठी विमानतळ करायला घेतलं, लोकांना थोड्या दिवसांत उठवलं, आता तिथं पक्ष्यांचं अभयारण्य आहे. जमीन परत मिळावी म्हणून वारस अजून मागणी करतायत.

सावनी_
अंगावर काटा आला वाचून. तिकडं आजीनं नातीला आणि इकडं आईनं मुलीला, दोन्हीकडं बायकांनीच टिकवलं.

चित्रवेडा_सातारा
शिरीषताई, परत लावला आणि पूर्ण बघितला. भाषेचं तुम्ही म्हणालात तसंच झालं, नंतर लक्षात पण राहिलं नाही. ईलाय रागानं बाटल्या लटकवलेलं झाड फोडतो तो सीन आधी मला नुसता विचित्र वाटला असता, पण त्या बाटल्या पूर्वजांच्या राखणीसाठी आहेत हे आता माहीत होतं, त्यामुळं तो काय फोडतोय ते कळलं. फोटोग्राफर स्नीड पण आवडला, आधी प्रदर्शनातल्या वस्तू बघाव्या तसा लोकांकडं बघत असतो आणि हळूहळू बदलतो.

एक मात्र तक्रार राहिलीच. संगीत काही ठिकाणी फार ठळक आहे, सिंथेसायझर ऐकला की मला १९०२ मधून बाहेर फेकल्यासारखं होतं. आणि एवढा मोठा सिनेमा करून ही बाई पुढं काय करत होती? नाव कधी ऐकलं नाही.

फ्रेमबायफ्रेम
संगीताबद्दल दोन्ही मतं आहेत, मला ते आवडतं कारण गोष्ट सांगणारी मुलगी पुढच्या काळातली आहे. पण खटकतं म्हणणारे पण बरेच आहेत.

पुढचं ऐकून वाईट वाटेल. एवढं नाव झालं आणि तरी स्टुडिओंनी तिला थिएटरसाठी पुढचा सिनेमा करू दिला नाही. टीव्हीवर काम करत राहिली, २००२ ला अँजेला बॅसेटला घेऊन द रोझा पार्क्स स्टोरी केली, अलीकडं क्वीन शुगर मालिकेचे भाग केले. १९९७ ला याच पेझंट कुटुंबाची पुढची गोष्ट कादंबरीत लिहिली, कारण कागदावर लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

चित्रवेडा_सातारा
मग तिचं दुसरं काय बघू? टीव्हीवाल्यापासून सुरू करू का आधीचं काही आहे?

शिरीषफूल
आधीचंच बघा, इल्युजन्स, १९८२ चा, अर्ध्या तासाच्या आसपास आहे. १९४२ चं हॉलिवूड, स्टुडिओत मोठ्या जागेवर असलेली एक बाई, सगळ्यांना गोरी वाटते पण आहे ब्लॅक. एका गोऱ्या नटीच्या तोंडाला आवाज द्यायला एका ब्लॅक पोरीला बोलावतात, आणि ती पोरगी काचेपलीकडं उभी राहून पडद्यावरच्या ओठांवर बरोबर नजर ठेवून गाते. तो सीन बघून झाला की इथं लिहा, त्यावर वेगळा धागा काढू. आबा, तुम्ही पण बघाच, त्या स्टुडिओतल्या बाईबद्दल तुमचं मत काय पडतं ते मला ऐकायचंय.